तुझ्या डोळ्याची राखण

दिगू,

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका बाईंच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. जायचं नव्हतं. पण बाई घरी येऊन बसल्या, हात धरून म्हणाल्या, "नुसत्या अक्षता टाका आणि जा." गेले. मंगलाष्टकं सुरू झाली, "सावधान" झालं आणि सवयीनं मी अंग आक्रसून उभी राहिले. अक्षता पडल्या. केसांवर, खांद्यावर, एक दाणा चष्म्याच्या फटीतून गालावर. डोळ्यासमोर तुझा पंजा आला नाही.

इतकी वर्षं प्रत्येक लग्नात तू माझ्या उजव्या अंगाला उभा राहायचास आणि अक्षता सुरू झाल्या की माझ्या डोळ्यासमोर हात धरायचास. ठिणग्यांनी जागोजाग भाजलेला, लोखंडाचा वास येणारा हात. लोक हसायचे. एकदा तुझ्याच मेहुणीच्या लग्नात मी चिडून तो झटकला होता. "माझा डोळा मला सांभाळता येतो," म्हणाले. तू शांतपणे म्हणालास, "आक्का, तो माझाय. तुझ्याकडं ठेवायला दिलाय."

सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या आत कुठंतरी जाऊन बसलं ते निघालंच नाही.

तू गेल्यापासून तुझ्या लासूरमध्ये लोक काहीबाही सांगत असतात. दिगंबरनं बहिणीला अख्खा डोळा काढून दिला, एका डोळ्यावर धंदा केला, असं. तेराव्याला एका म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाजवळ येऊन विचारलं, "यातला त्याचा कोन्ता?" म्हणून आज सगळं नीट लिहून काढते आहे. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. पण तुझ्याबद्दल कुणी खोटं रचलेलं तुला खपायचं नाही, चांगलं रचलेलंसुद्धा.

बिडकीनच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत मी होते. स्नेहसंमेलनाच्या आधी भिंतींना चुना द्यायचा होता. लोखंडी पिंपात कळीचा चुना टाकून पाणी ओतलं, तो खदखदायला लागला. पोरं बघायला पुढं सरकली. मी त्यांना मागं सारत होते, तेवढ्यात आतला एक खडा फुटला. एवढंच. कुणाचं चुकलं म्हणावं असंही काही नव्हतं. चुना डोळ्यात गेला की नुसता भाजून थांबत नाही, तो आत उतरत राहतो. डावा डोळा गेलाच. उजव्यावर हळूहळू पांढरी साय धरली आणि त्या सायीवर बारीक लाल शिरा चढल्या.

तू मला लासूरला घेऊन आलास. दुकानामागची ती खोली. पत्र्याची भिंत, पलीकडं तुझं वेल्डिंगचं मशीन आणि ग्राइंडर, अलीकडं खाटेवर मी. खोलीची लांबी-रुंदी मला हातांनी पाठ झाली होती. दार कुठं आहे ते कळायचं, पण दाराबाहेर एकटीनं पाऊल टाकायला जीव घाबरायचा, कारण तुझं सामान सगळीकडं पसरलेलं असायचं. अँगल, पाइप, अर्धवट केलेली गेटं. संडासला जायचं तरी रेखाला हाक मारावी लागायची. तिचं तुझ्याशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती यायची, माझा हात धरायची, न बोलता न्यायची, न बोलता आणून बसवायची. तिचा हात वाईट नव्हता. कधी आदळआपट नाही, कधी टोमणा नाही. पण मी तिथं राहावं असं त्या हातातून मला कधी जाणवलं नाही, आणि तिनं तसं नाटकही केलं नाही.

सायीतून मला फक्त उजेड कळायचा. तू वेल्डिंग सुरू केलंस की पत्र्याच्या फटींतून लखलखाट आत यायचा आणि माझ्या त्या पांढऱ्या अंधारात काहीतरी हलायचं. दिवसभरात तेवढंच. मी त्याची वाट बघायचे. तुझ्या लक्षात आलं तसं तू फटींवर ताडपत्री ठोकलीस.

"त्या उजेडानं डोळा जातो, आक्का."

"गेलेला डोळा आणखी कुठं जाणार? काढ ती."

"नाय काढत."

मी जेवण सोडलं. तरीही तू काढली नाहीस. आपल्या सगळ्या भांडणांत तू असाच होतास. माझ्या भल्यासाठी माझं ऐकायचंच नाही, असं तुझं ठरलेलं असायचं.

नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवून झालं. थोडे दिवस धूसर दिसलं, मग पुन्हा साय. तेव्हा शहरातल्या आपल्या डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून समजावलं. डोळ्यातलं काळं आणि पांढरं जिथं भेटतं, त्या कडेला मूळ पेशी असतात. बुबुळावरचा काचेसारखा पापुद्रा रोज झिजतो आणि या कडेच्या पेशी तो रोज नव्यानं भरून काढतात. माझी ती कडच चुन्यानं जळाली होती. वर कितीही चांगलं बुबुळ बसवलं तरी त्याला जिवंत ठेवणारं खाली काही उरलं नव्हतं.

"म्हणजे पॅच मारायचा," तू म्हणालास.

"पॅच मेलेला असतो," मॅडम म्हणाल्या. "हा तुकडा जिवंत असतो. एकदा धरला की तो आपला आपण पसरतो, जखम झाकत जातो."

मग म्हणालास, "आमचं लोखंड नाय बा असं पसरत. कुणाचा घ्यायचा तुकडा?"

"यांचा डावा चांगला असता तर त्यातूनच घेतला असता. आता जवळच्या रक्ताच्या माणसाचा. भाऊ, बहीण."

मला दिसत नव्हतं, पण तुझी खुर्ची पुढं सरकल्याचा आवाज आला. लोकांना वाटतं, मी मागितलं आणि तू दिलंस. दिगू, मी "नको" म्हणायला तोंड उघडलं होतं. तू मला ते वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

त्या संध्याकाळी पत्र्यापलीकडून तुमचं दोघांचं बोलणं ऐकू आलं. तुला वाटत होतं मी झोपलेय.

"तुमचा धंदा डोळ्यावर हाय," रेखा म्हणाली.

"तिळाएवढा तुकडा घेत्यात. भरून येतंय म्हणे."

"म्हणे! आन् नाय भरला तर?"

"तर एका डोळ्यानं करीन."

"मला इचारलं का कुणी?"

तू शटर ओढल्याचा आवाज आला. तिनं पुन्हा विचारलं नाही. मी खाटेवर पडून ऐकत होते आणि मनातल्या मनात तिच्या बाजूनं भांडत होते. विचारलं तर मलाही कुणी नव्हतं. त्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी तुझ्या चांगुलपणात सारख्याच अडकलो होतो, फक्त एकमेकींना सांगायची सोय नव्हती.

ऑपरेशन हैदराबादला झालं. तुझ्या डोळ्याच्या कडेचा तो कण काढून प्रयोगशाळेत वाढवला. कुणा बाळंतिणीच्या वारेवरचं पातळ आवरण असतं, त्यावर त्या पेशी पेरतात. दोन आठवड्यांत त्यांचा पापुद्रा झाला आणि तो माझ्या डोळ्यावर चढवला. ती बाळंतीण कोण, तिला मुलगा झाला का मुलगी, हे तू तिथल्या सगळ्या सिस्टरांना विचारून बेजार केलंस. "घरचं माणूस झालं ना ते आता," म्हणायचास.

दिसणं एकदम आलं नाही. बाहेर धुकं असावं आणि कुणीतरी रोज थोडं थोडं पुसत न्यावं, तसं आलं. लासूरला परतल्यावर एका सकाळी तू अंगणात दाढी करत होतास. मी उंबऱ्यात बसले होते. मी म्हणाले, "दिगू, तुला टक्कल कधी पडलं रे?"

तू तोंडाला फेस लावलेला, तसाच वळलास. "एवढं दिसायला लागलं तर हेच दिसलं का तुला?" म्हणालास आणि तोंड न धुताच दुकानात गेलास. ग्राइंडर सुरू झाला. बराच वेळ चालू होता, पण त्याला लोखंड लागल्याचा आवाज काही आला नाही.

हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुझी लाज राखावी म्हणून.

मग मी सिडकोत खोली घेतली, शहरातल्या शाळेत रुजू झाले. आणि तुझे फोन सुरू झाले. रोज सकाळी. "डोळा कसाय?" कधी "तू कशीयेस" नाही. मी तापानं फणफणलेली असले तरी पहिला प्रश्न डोळ्याचा. चुलीजवळ बसू नको. कांद्याच्या मार्केटकडून जाऊ नको, भुसा उडतो. मोटरसायकलवर बसशील तर उलट्या तोंडानं बस. वैजापूरकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून जायची संधी आली. मला फार जायचं होतं, दिगू. स्वतःची एक शाळा असावी, आपल्या मनासारखी चालवावी, एवढं एकच मी आयुष्यात मागितलं होतं. तू दारात येऊन उभा राहिलास. "तिकडं नुसती धूळ. दवाखाना लांब. लाल झाला डोळा तर काय करशील?" मी गेले नाही. तू जबरदस्ती केली नाहीस, हे खरं. तू फक्त माझ्या डोळ्याकडं बघितलंस. तेवढ्यानं माझं बोलणं संपायचं.

ज्यानं आपल्याला उजेड दिला त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आभार मानले की तू चिडायचास. नाही म्हटलं की मला अपराधी वाटायचं. मी माझ्याच अंगात तुझ्या डोळ्याची राखणदार झाले होते आणि राखणदाराला रजा नसते.

आणि त्या गोळ्या. तुझं अंग माझ्या अंगाला परकंच. माझ्या रक्तानं तुझ्या पेशींना हाकलून लावू नये म्हणून रोज गोळ्या घेऊन त्या रक्ताला गुंगीत ठेवायचं. डोळा वाचायचा, बाकीचं अंग झिजायचं. साधं खरचटलं तरी पिकायचं. हिरड्या सुजायच्या. हात थरथरायला लागले. फळ्यावर "अ" काढायला गेले की तो वेडावाकडा व्हायचा, आणि पहिलीतली पोरं तसाच वेडावाकडा पाटीवर गिरवायची. मग किडनीचा रिपोर्ट बिघडला. पुढचा त्याहून बिघडला.

तेव्हापासून आपलं ते भांडण सुरू झालं. इतर भांडणांत तू जिंकायचास. हे मात्र मी तुला जिंकू देत नव्हते.

शेवटचं झालं ते दवाखान्याच्या कँटीनमध्ये. तू दोन चहा आणलेस, दोन्ही तसेच निवले.

"बंद कर त्या गोळ्या," तू म्हणालास. "आक्का, किडनी गेल्यावर डोळा घेऊन काय करणार?"

"आणि डोळा गेला तर?"

"गेला तर गेला. मी दुसरा तुकडा देतो ना. माझ्याकडं हाय अजून."

"दुकान काढलंस का डोळ्यांचं?"

"तू कामून भांडायलीस? मी दिलंय, मीच म्हणतो सोड."

"तू दिलंस म्हणूनच सोडवत नाही," मी म्हणाले. पुढंही बोलायचं होतं. त्या पत्र्याच्या खोलीत मला परत जायचं नाही, असं सांगायचं होतं. तुझ्या घराला ती खोली म्हटलेलं तुला लागेल, म्हणून गप्प बसले. तू उठलास. "पुढच्या खेपेला मीच बोलतो मॅडमशी," म्हणालास आणि माझा हात धरून पायऱ्या उतरवल्यास. मला पायऱ्या दिसत होत्या, तरी.

पुढची खेप आली नाही. बिडकीनकडं एका शेडचं काम चालू होतं. तिन्हीसांजेला तू मोटरसायकलवरून परत येत होतास. लासूरच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात पंक्चर होऊन उभी होती. मागं लाल दिवा नाही, साधं फडकंही बांधलेलं नाही.

तुला अंगणात ठेवलं होतं. बायका रडत होत्या. रेखा रडत नव्हती. ती उठून माझ्यासमोर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोनी डोळे धड असते तर दिसली असती ट्रॉली."

कुणी तिला गप्प केलं नाही. मी पदर ओढून उजवा डोळा झाकून घेतला. चोरीची वस्तू झाकावी तसा. तुझं तोंड मी शेवटचं धड बघितलंसुद्धा नाही, दिगू. तुझ्याकडून घेतलेला डोळा तुझ्यावर रोखून धरायची माझी हिंमत झाली नाही.

तुझे दिवस झाले, मी सिडकोत परतले. खोलीत पडून राहायचे. तुझ्या डोळ्याला खरंच काही झालं होतं का? ऑपरेशननंतर थोडे दिवस तो लाल होता, पाणी यायचं, हे मला आठवत होतं. पुढं तू कधी तक्रार केली नाहीस. पण तू तक्रार करणाराच नव्हतास. हा विचार सकाळी सुरू व्हायचा आणि दिवसभर मला त्या चार भिंतींत फिरवत ठेवायचा.

काही आठवड्यांनी एका रविवारी दारात रेखा उभी. एकटी, एसटीनं आलेली. माझ्या घरी ती कधीच आली नव्हती. आत आली, पाणी प्याली, म्हणाली, "वन्सं, जरा खिडकीपाशी बसता का?"

मी बसले. तिनं माझा चष्मा काढला. माझी हनुवटी धरली, त्याच हातानं, ज्या हातानं मला अंगणातून न्यायची-आणायची. आणि डोळ्यात बघत राहिली.

"हितंच हाय का त्यांचं?"

"कडेला. या बाजूनं."

"जित्तं हाय म्हनायचे ते."

"हो."

ती पुष्कळ वेळ तशीच उभी होती. माझ्या तोंडावर तिचा श्वास लागत होता. पापणी मिटायचीही मला भीती वाटायला लागली. जाताना दारात थांबून म्हणाली, "गोळ्या घेता ना? बंद करू नका. ते म्हनत व्हते बंद कर म्हनून. त्यांचं ऐकू नका तुमी."

मग ती दर रविवारी यायला लागली. यायची, बघायची, जायची. तिनं माफी मागितली नाही, मी तिला मागायला लावणार नव्हते. बाकी काही बोलणंच व्हायचं नाही. ती माझ्याकडं येत नव्हती, तुला भेटायला येत होती, आणि मी म्हणजे ज्यातून तू दिसतोस ते दार. रविवारी गावाला जाते म्हणून सांगावं असं कितीदा मनात आलं. पण जगातल्या शेवटच्या जिवंत दिगूला कुलूप लावून मी कुठं जाणार होते? तू म्हणत होतास, सोड. रेखा म्हणत होती, सोडू नका. आणि माझे पाय सुजत चालले होते.

मॅडमनी नवा रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "आता गोळ्या कमी कराव्याच लागतील," म्हणाल्या. मी म्हणाले, "त्याच्या पेशी मरतील." मग म्हणाल्या, "त्या अजून आहेत का, हेच आपल्याला ठाऊक नाही."

मला कळेना. त्यांनी सांगितलं की असं होतं कधीकधी. दुसऱ्याच्या पेशी येऊन जखम झाकतात, सूज उतरवतात, जागा धरून ठेवतात. तेवढ्या आडोशाला पेशंटच्या स्वतःच्या, कुठंतरी दबून राहिलेल्या दोनचार पेशी सावरतात आणि हळूहळू सगळी जागा घेतात. मधल्या वेळात पाहुण्या पेशी कधी निघून जातात, कुणाला कळत नाही. "तपासता येईल," त्या म्हणाल्या. "तुमचा भाऊ पुरुष, तुम्ही बाई. पेशीच्या आत ती खूण असतेच."

मी रेखाला सांगितलं. वाटलं, ती नको म्हणेल. ती म्हणाली, "मी येते संगं."

काहीच दुखलं नाही. डोळ्यात औषधाचा थेंब, मग कागदाचा मऊ तुकडा बुबुळावर टेकवला आणि उचलला. त्याला चिकटून जे आलं ते हैदराबादला जाणार होतं. मॅडम हात धूत होत्या तेव्हा रेखानं विचारलं, "त्यांच्या डोळ्याला काय झालं व्हतं का? खरं सांगा. मी आता रडनार नाय."

मॅडम हात पुसून तिच्यासमोर येऊन बसल्या. "तो बहिणीला घेऊन यायचा तेव्हा दर वेळी मी त्याचेही डोळे तपासायचे," त्या म्हणाल्या. "दोन्हींनी सारखं दिसायचं त्याला. कोणत्या डोळ्यातून घेतलं होतं, ते मला कागद बघून आठवावं लागायचं, इतकं भरून आलं होतं."

"मग ट्रॉली कामून दिसली नाय?"

"दिवा नसलेली ट्रॉली त्या वेळी मलाही दिसली नसती."

रेखानं मान हलवली. बाहेर आलो, बाकड्यावर बसलो. बसस्टँडपर्यंत ती माझ्या शेजारून चालली, पूर्वीसारखी एक पाऊल पुढून नाही.

निकाल घ्यायला मी एकटीच गेले. मॅडमनी सरळ सांगितलं. जेवढ्या पेशी आल्या होत्या त्या सगळ्या माझ्या. तुझी एकही सापडली नाही. "खोलवर कुठं एखादी नसेलच असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हा डोळा तुमचा तुम्ही चालवताय. बहुतेक बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या उतरवत नेऊ, लक्ष ठेवू."

दिगू, मी सुटले होते. हात थरथरणं थांबेल, किडनी सावरेल, कुठल्याही धुळीच्या गावाला जाता येईल. आणि मी त्या खुर्चीत बसून, तुझ्या बातमीनं रडले नव्हते एवढी रडले. ट्रॉलीनं तुला एकदा नेलं होतं. आता कळलं, तू त्याच्या कितीतरी आधी माझ्यातून निघून गेला होतास, काही न बोलता, माझं चालायला लागलंय एवढं बघून. लग्नात तू माझ्या डोळ्यासमोर हात धरायचास तेव्हा तिथं तुझं काही नव्हतंच. तू माझाच डोळा सांभाळत होतास आणि आपण दोघं तो तुझा म्हणून भांडत होतो.

हे तुला कळलं असतं तर तू काय म्हणाला असतास, याचा मी फार विचार करते. हसला असतास बहुतेक. "म्हंजे फुकटच वरडत व्हतो मी," असं काहीतरी. आणि मी तुला सांगितलं असतं की फुकट नव्हतं. जळालेल्या जागेवर तू पहिल्यांदा उभा राहिलास म्हणून मागून मला उठता आलं. एवढं एक वाक्य मला तुझ्या तोंडावर म्हणता यायला हवं होतं. ते म्हणण्याइतकं मला तेव्हा काही माहीतच नव्हतं.

रेखाला फोनवर सांगणं बरं नव्हतं. पॅसेंजर गाडीनं लासूरला गेले. ती अंगणात मिरच्या निवडत बसली होती. मी समोर बसले.

"काय म्हनल्या?"

"सगळ्या माझ्याच आहेत."

"एक बी नाय त्यांची?"

"सापडली नाही."

तिचे हात थांबले. मग पुन्हा मिरच्या निवडायला लागली, देठ एकीकडं, मिरच्या एकीकडं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग मी एवढे रविवार कुनाला बगत व्हते?"

मी तिच्या सुपातल्या मूठभर मिरच्या घेतल्या आणि निवडायला लागले. तिखटाचा हात डोळ्याला लागेल म्हणून कुणी ओरडलं नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. शेवटी ती रडली, दिगू. तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, तोंड न झाकता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो राहू दिला.

परतीच्या गाडीची वेळ होत आली तशी मी चप्पल पायात घालायला लागले. गोळ्या उतरवल्यावर ती साय परत येणार नाही असं मॅडमनी लिहून दिलेलं नाही. रोज सकाळी उठून मी आधी खिडकीकडं बघते, चौकटीची कड स्वच्छ आहे ना म्हणून. ती भीती आता माझी एकटीची आहे. तुला वाटून देता येत नाही.

मी पिशवी उचलली. रेखा चुलीशी वाकलेली होती. मागं न वळता म्हणाली, "वन्सं, आज ऱ्हावा. उद्याच्या गाडीनं जा."

त्या घरात मी एवढे महिने काढले होते. कुणी हाताला धरून आणलं म्हणून, कुठं जाता येत नव्हतं म्हणून. ऱ्हावा, असं मला तिथं कुणी म्हणालं नव्हतं. तूसुद्धा नाही, तुला ते म्हणायची गरजच कधी वाटली नसेल.

मी चप्पल काढली आणि आत गेले.